गोजरबाईची तारांची भिंत

आमच्या कारखान्यात पेरणी यंत्रं बनतात. ट्रॅक्टरच्या मागे जोडायची. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत असे कारखाने बरेच आहेत. आमचा त्यात लहान. मी तिथं चौतीस वर्षं फिटर होतो. अंबडहून रोज एसटीनं जायचो. आता घरी आहे. तिथं सगळ्यात नीट काम कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी माझं नाव सांगत नाही. गोजरबाईचं सांगतो.

गोजरबाई धर्मराज कंटुले. गाव कुंभार पिंपळगाव. नवरा धर्मराज एका जिनिंगवर पहारेकरी. एक मुलगी, मीना. बाई १९९८च्या मार्चमध्ये कामाला लागली. नेमणूक झाडूवर.

फिटिंगच्या शेडमध्ये दिवसभर बोल्ट, नट, वायसर खाली पडतात. आधीचा झाडूवाला सगळा कचरा भंगारात टाकायचा. गोजरबाईनं पहिल्या दिवशी तो पिठाच्या फुटक्या चाळणीतून चाळला. लोखंड वेगळं काढलं. दुपारी आम्ही जेवायला बसलो की ती आपली भाकर लवकर संपवायची आणि बोल्ट निवडत बसायची. जाड जाडात, बारीक बारकात. सहा महिन्यांत अकरा डबे भरले. मी तिला विचारलं, "बाई, हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला पाहिजे का? ज्वारीच्या दाण्याला आपण वाकतो. हे तं लोखंड हाय."

पुढं स्टोर सांभाळणारा राधेश्याम दुसरीकडं गेला. शेठनी नवा माणूस घेतला नाही. गोजरबाई स्टोरमधून माल द्यायला लागली आणि देतच राहिली. हजेरीपटावर मात्र ती सफाई कामगारच होती. वीस वर्षं. तिनं कधी तक्रार केली नाही. आम्हीही कधी बोललो नाही. तिच्यासारखं काम आमच्यातल्या कोणाला जमत नव्हतं, पण त्याला नाव द्यायचं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण खरं आहे.

गोजरबाईला वाचता येत नव्हतं. शाळा दोन वर्षं. आकडे येत होते. आता पेरणी यंत्र म्हणजे एक वस्तू नाही. कोणाला जमिनीत रुतणारे सात फण लागतात, कोणाला नऊ, कोणाला अकरा. कोणाचा फण सरळ, कोणाचा स्प्रिंगचा. चाक कोणाला मागं हवं, कोणाला बाजूला. बी सोडणारी तबकडी सोयाबीनची वेगळी, मक्याची वेगळी. प्रत्येकाला वेगळे बोल्ट, वेगळे क्लॅम्प. ऑफिसात याच्या छापील याद्या होत्या. गोजरबाईनं स्वतःची भिंत केली.

स्टोरच्या मागच्या भिंतीवर तिनं खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्याला एक तार. तारेत त्या जोडणीला लागणाऱ्या प्रत्येक भागाचा एक नमुना ओवलेला. एक यू-बोल्ट, एक वायसर, एक बुश. भाग मोठा असेल तर त्याच्या आकाराचा पत्र्याचा तुकडा. सात फणांच्या फ्रेमची एक तार. नऊ फणांच्या फ्रेमला तेच सगळं लागतं, वर थोडं जास्त. मग नऊसाठी तिनं सगळं परत ओवलं नाही. जास्तीचं तेवढं एका लहान तारेत ओवलं आणि ती तार एका वाकवलेल्या आकड्यानं सातच्या तारेला अडकवली. भिंतीवर अशा एकसष्ट तारा होत्या. बहुतेक एकमेकींना आकड्यानं धरून.

"एक वस्तू, एक जागा," ती म्हणायची. "बाकीच्यायनं तिच्याकडं यायचं."

याचा उपयोग मी एकदा नीट पाहिला. क्लॅम्पचा बोल्ट अर्ध्या इंचाचा होता तो बारा एमएमचा आला. गोजरबाईनं एका तारेवरचा बोल्ट बदलला. त्या तारेला अडकलेल्या सगळ्यांचं काम झालं. ऑफिसात तोच बोल्ट सात याद्यांमध्ये लिहिलेला होता. पाच दुरुस्त झाल्या, दोन राहिल्या. त्या दोन याद्यांवरून दोन महिने चुकीचा माल गेला.

तारांच्या मधून कुठं कुठं लाल धागे बांधलेले होते. एका तारेपासून दूरच्या दुसऱ्या तारेपर्यंत. तेलानं काळे पडलेले. ते मी रोज पाहत होतो. कशाचे, ते विचारलं नव्हतं.

कारखान्याचे मालक जेठमलशेठ. त्यांची सून एकता. लग्न होऊन आली तेव्हा कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन आली. घरात बसली नाही. ऑफिसच्या खिडकीजवळ टेबल टाकून काम मागितलं. आम्ही तिला भाभी म्हणायचो, ती मला मामा आणि गोजरबाईला मावशी.

तिचं म्हणणं सरळ होतं. आमच्या पत्रकात चार यंत्रं छापलेली. लोक मात्र दिवसभर फोन करून पाचवं, सहावं विचारतात. जो फोन उचलतो तो मनानं सांगतो. मी एकदा हिशेब केला होता. फण चार प्रकारचे, फ्रेम तीन, चाकं तीन, बियाण्याच्या पेट्या दोन, तबकड्या सहा, ट्रॅक्टरची जोडणी चार. गुणाकार केला तर सतराशे अठ्ठावीस यंत्रं होतात. मी तो कागद एकताला दिला. तिनं तो भिंतीला चिकटवला.

"मामा, सतराशे यंत्रांची यादी करायची नाही," ती चहाच्या वेळी आम्हाला समजावत होती. "प्रत्येक भागाला वेबवर त्याचा स्वतःचा पत्ता द्यायचा. त्या पत्त्यावर त्याची मापं. आणि तो कोणाला जोडतो त्याचा दुवा. मग कोणत्याही गावचा विक्रेता, शेतकऱ्यांची कंपनी, कोणीही असो, त्यांचा कॉम्प्युटर आपली माहिती स्वतः वाचेल. गिऱ्हाईक तिथंच बसून आपलं यंत्र जुळवेल. आपण इथं एक बोल्ट बदलला की सगळीकडं बदलेल."

देवानंद वेल्डर बशीतला चहा फुंकत होता. "म्हंजे भाभी, फणालाबी आता आधार कार्ड?"

"तसंच समजा देवानंदभाऊ. पण या कार्डावर सोयरीकही लिहिलेली."

"सोयरीक जमती ते लिव्हलं. जमत न्हाई ते?"

सगळे हसले. एकताही हसली. म्हणाली, "मापं जुळली तर जमलं."

गोजरबाई हसली नाही. ती भांडी गोळा करत होती. तिनं विचार केला असेल की भिंतीवर ते आहेच.

त्याच वर्षी नवी शेड झाली. स्टोर तिकडं जायचं होतं. नवे रॅक, मधोमध स्क्रीन. जेठमलशेठ एक दिवस स्टोरमध्ये आले. माणूस खोट्या मनाचा नाही. जे बोलायचं ते समोर बोलणारा.

"गोजरबाई, नवीन स्टोरमधी स्क्रीन वाचनारा आदमी लागेल. तुम्हाला यार्डात काम देऊ. काढत न्हाई मी."

"यार्डात काय काम?"

"झाडू, साफसफाई. तुमचं पहिलंच काम."

गोजरबाईच्या हातात क्लॅम्प होता. तो तिनं जागेवर ठेवला आणि मग बोलली. "शेठ, झाडू मला जड न्हाई. पण स्टोर सोडून झाडू धरनं जड हाय."

शेठ थांबले. "ठीक. एक मोका. जूनपर्यंत तुम्हीच बघा. नवीन स्टोरमधून एकबी गलत माल न्हाई गेला तं मंग बोलू."

एकतानं त्याच आठवड्यात स्क्रीनवर प्रत्येक भागाच्या नावाशेजारी फोटो टाकायचं ठरवलं. गोजरबाईला वाचता येत नाही, पण फोटो ओळखता येतो. फोटो तारांचेच काढायचे. माहितीही तारांवरूनच घ्यायची. ऑफिसच्या याद्यांपेक्षा भिंत बरोबर आहे, हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

मार्चमध्ये मीना बाळंत झाली. गोजरबाईनं तीन आठवड्यांची सुट्टी घेतली. इतकी सुट्टी तिनं पहिल्यांदाच घेतली. जाताना मला म्हणाली, "कल्याणभाऊ, भिंत जशी हाय तशी उतरवा, तशीच तिकडं लावा. तुमच्या हातावर सोडून जाऊन राह्यले."

मी ते काम मन लावून केलं. चार दिवस. प्रत्येक तारेला नंबराची चिठ्ठी. कोणता आकडा कोणत्या तारेत, त्याची वही. तारा रॉकेलनं पुसल्या, फोटो नीट यावेत म्हणून. आणि फोटोच्या आधी मी धागे काढले.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. प्रत्येक व्हाइसला, ड्रिलला, हातोड्याला लाल धागा बांधतात. जुना झाला की तो फेकत नाहीत, पाण्यात सोडतात किंवा झाडाखाली ठेवतात. मला वाटलं, भिंतीवरचे धागे त्यातलेच. कोणी तरी वर्षानुवर्षं बांधत गेलं, काढायचं कोणी मनावर घेतलं नाही. मी कातरीनं सगळे कापले. कागदात गुंडाळून अंबडला आणले. ओढ्याला पाणी नव्हतं, म्हणून गल्लीतल्या पिंपळाखाली ठेवले. हात जोडले. काम पूर्ण केल्याचं समाधान वाटलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकतानं माहिती वेबवर टाकली. बारा तारखेला गोजरबाई परत आली. नात झाली होती. पेढे आणले होते. देवानंद म्हणाला, "बाई, पोरगी झाली तं बर्फी वाटतेत."

"काय वाटल्तं तुझ्या येळी? गूळ?" ती म्हणाली आणि त्याच्या हातात दोन पेढे ठेवले.

मग ती नव्या स्टोरमध्ये गेली. मी मागं होतो. तिनं भिंतीवरून हात फिरवला, डावीकडून उजवीकडं. तारा, आकडे, सगळं बरोबर. मान हलवली. परत हात फिरवला. या वेळी हात तारांच्या मधल्या मोकळ्या जागेतून फिरला.

"धागे कुठं हायेत?"

"ते जुने झाले होते. नीट काढले. पिंपळाखाली ठेवले."

ती खाली पेटीवर बसली. "कल्याणभाऊ, ते देवाचे नव्हते. माझे होते."

"कशाचे?"

"न्हाईचे." तिनं दोन तारांकडं बोट केलं. "ह्याच्याबराबर हे न्हाई. ह्याच्याबराबर ते न्हाई. नवमीला धागा उरायचा, तोच लावायची. फुकटचा."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"तुम्ही इचारलं कवा?"

मी म्हणालो, पिंपळाखाली बघून येतो. ती म्हणाली, "काय करता आनून? कोणता कुठून कुठं, हे धाग्यात न्हाई. भिंतीवर होतं."

फोटोतही नव्हतं. फोटो मी धागे काढून काढले होते.

मी म्हणालो, शेठला आणि भाभीला आजच सांगतो. ती उठली. "काही सांगू नका. तुमचे तीन महिने राह्यले. इज्जतीनं घरी जा. माझं मी बांधून घेते, हळूहळू. हाताला याद हाय."

मी गप्प बसलो. मला ते सोयीचं वाटलं. चौतीस वर्षांत माझ्या हातून परत आलेलं काम एकही नव्हतं, आणि हे शेवटच्या तीन महिन्यांत नको होतं. जूनपर्यंतची अट तिच्यावर होती, माझ्यावर नव्हती. हे मला माहीत होतं आणि तरी मी गप्प बसलो. आठ दिवस.

ती रोज माल देता देता एखादा धागा बांधायची. दिवसाला दोन, कधी तीन.

वीस तारखेला मोठी मागणी आली. डोंगराच्या बाजूची एक शेतकऱ्यांची कंपनी. त्यांच्या वेबवरच्या पानानं आमची माहिती वाचली होती, तिथंच त्यांच्या माणसानं यंत्र जुळवलं होतं. नऊ फणांची फ्रेम, स्प्रिंगचे फण, बाजूचं चाक. बावीस नग. मेअखेर पोचवायचे, पेरणीच्या आधी. शेठ खूष. एकता तर खिडकीजवळ उभी राहून हसत होती. फोन न करता, कोणाला न विचारता आलेली ही पहिली मागणी होती.

स्क्रीनवर फोटो आले. गोजरबाईनं फ्रेमचा माल काढला. चाकाचा काढला. स्प्रिंगच्या फणाच्या फोटोवर थांबली. भिंतीकडं गेली, दोन तारांवर दोन हात ठेवले. मग काढलेला सगळा माल परत जागेवर ठेवला.

"हा माल मी देनार न्हाई."

देवानंद वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून आला. "बाई, कॉम्प्युटर हो म्हन्तो, तुम्ही न्हाई म्हन्ता. शेठ कोनाचं ऐकतीन?"

"लोखंडाचं."

मग मी एक यंत्र जुळवलं. सगळं बसलं. फण आणि चाक यांच्यात दोन बोटं जागा राहिली. देवानंदनं त्या फटीत दोन बोटं घालून सगळ्यांना दाखवली. एकता मापपट्टी घेऊन आली. माप कागदावरच्यासारखंच.

"उभं हाय म्हनून," गोजरबाई म्हणाली. "चालवा."

शेडच्या मागं रिकामा प्लॉट आहे. दगड भरपूर. ट्रॅक्टरला जोडून मीच चालवलं. वीस फूट गेलं, तीस फूट गेलं. मग एका फणाखाली दगड आला. स्प्रिंगचा फण दगड लागला की मागं जातो. तो त्यासाठीच असतो. चांगला चार इंच मागं गेला आणि चाकावर बसला. चाकाची कड वाकली. साखळी उतरली. मी ट्रॅक्टर बंद केला.

आमच्या इकडं ही जोडणी कोणी मागत नाही. काळ्या रानातले लोक सरळ फण घेतात. भोकरदन, जाफराबादकडचे दगडाच्या रानातले लोक स्प्रिंगचा घेतात, पण चाक मागचं. बाजूचं चाक आणि स्प्रिंगचा फण एकत्र कोणी मागितलं तर गोजरबाई माल देत नसे, एवढंच. त्यामुळं ते कुठं लिहायची वेळ कधी आली नव्हती. आता मागणारा तिच्यासमोर उभा नव्हता.

जेठमलशेठ प्लॉटवर आले. चाक पाहिलं. एकताकडं पाहिलं.

"पपाजी, मी सगळं मावशींच्या भिंतीवरून घेतलं," एकता म्हणाली. "हे तिथं नव्हतं. मापं जुळत होती, म्हणून मी होकार धरला. चूक माझीपण आहे."

शेठ गोजरबाईकडं वळले. आवाज चढवला नाही. "बाई, तुम्ही पकडलं, अच्छा झालं. पन तुमच्या भिंतीवर हे न्हाई. अशे आनखी किती न्हाईत? मी स्टोर तुमच्या याददाश्तीवर कसं सोडू? उद्या तुम्ही बीमार पडल्या तं?"

बरोबर बोलत होते. त्यांच्याकडं होती तेवढीच माहिती माझ्याकडं असती, तर मीही तेच बोललो असतो. गोजरबाई जमिनीकडं पाहत होती. धागे मी काढले, एवढं एक वाक्य तिनं बोललं असतं तर भागलं असतं. ती बोलली नाही. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी ट्रॅक्टरवरून उतरलो.

"शेठ, भिंतीवर होतं. मी काढलं."

मग सगळं सांगितलं. धागे, कातर, पिंपळ. आठ दिवस गप्प बसलो तेही.

जेठमलशेठ माझ्याकडं वळले. "म्हंजे आपल्या कारखान्याची अर्धी मालूमात तू झाडाला वाहून आला? हात जोडून?"

"हो."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग म्हणाले, "मंग परत आन. तुझे तीन महिने हायेत ना? बराबर आन."

त्यांनी मला एवढ्यावर सोडलं, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. एकतानं त्याच दुपारी त्या कंपनीला फोन केला, चूक सांगितली. त्यांनी मागचं चाक घेतलं. बावीसच्या बावीस. त्यांच्या माणसानं एवढंच विचारलं, "हे तुमच्या पानावर आधी का नव्हतं?" एकता म्हणाली, "आता येईल."

मग आम्ही तिघं बसलो. गोजरबाई, एकता आणि मी. अकरा दिवस. गोजरबाई भिंतीजवळ उभी राहायची. एका तारेवर हात ठेवायची आणि दुसऱ्या हातानं बाकीच्या तारांवरून जायची. सावकाश. जिथं हात अडायचा तिथं थांबायची. "हे न्हाई." एकता लिहायची. मग मी ते दोन्ही भाग आणून लोखंडावर करून पाहायचो. हे मी ठरवलं होतं. नुसतं सांगितलेलं लिहायचं नाही. एकदा चुकल्यावर माणसानं तेवढं तरी करावं.

"कल्याणभाऊ, माझ्यावर भरोसा न्हाई का?" तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"तुमच्यावर आहे. माझ्यावर नाही."

"मंग करा."

असे त्रेचाळीस 'नाही' निघाले. करून पाहिले तेव्हा त्यातले पाच आता लागू नव्हते. क्लॅम्प जुन्या घडणीचा होता तेव्हा ते अडायचे, नव्या क्लॅम्पात अडत नव्हते. पहिल्या वेळी गोजरबाईला पटलं नाही. तिनं क्लॅम्प माझ्या हातातून घेतला, स्वतः बसवला, स्वतः फिरवला. फिरला.

"मी बी गंजते," ती म्हणाली. "काढा तो."

अडतीस राहिले. एकतानं प्रत्येक 'नाही'ला वेबवर पत्ता दिला, जसा फणाला दिला होता, चाकाला दिला होता. कोणते दोन भाग, का नाही, कोणत्या दिवशी करून पाहिलं. आणि कोण सांगतं.

"मावशी, पूर्ण नाव सांगा."

"माझं काउन? कारखान्याचं लिवा."

"कारखाना बोलत नाही मावशी, माणूस बोलतो. उद्या कोणी दूरवरून विचारलं, हे कशावरून, तर त्यानं कोणाकडं यायचं?"

गोजरबाईनं नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव घेताना थोडी थांबली, मग घेतलं. एकतानं लिहिलं. पुढची जागा पदाची होती. एकताचा हात थांबला. तिनं हजेरीपट काढून पाहिला. मग तो तसाच उघडा घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेली. दार उघडं होतं. आम्हाला ऐकू येत होतं.

"पपाजी, मावशींचं पद काय लिहू? इथं सफाई कामगार आहे."

"मंग तेच लिव्ह."

"हे सगळ्यांना वाचता येणार. अडतीस ठिकाणी येणार. आमच्या सफाई कामगार म्हणतात म्हणून हे यंत्र बनत नाही, असं. विक्रेते विचारतील, तुमच्याकडं स्टोर कोण बघतं?"

मी वायसर मोजत असल्यासारखं केलं. गोजरबाई मात्र सरळ उभी होती, दाराकडं पाहत.

"स्टोरकीपर लिव्ह," शेठ म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आन हजेरीपटावर बी तेच कर. एक माणूस, दोन ठिकाणी दोन पदं नको."

"आणि जूनची अट?"

"गलत माल बाहेर गेला का? तिनं तं दिलाच न्हाई. मंग कसली अट?"

एकता बाहेर आली. तिला काही सांगावं लागलं नाही. गोजरबाई म्हणाली, "भाभी, बसा. त्या तबकडीचं राह्यलंय अजून." आणि भिंतीवर हात ठेवला.

जूनमध्ये एकतानं तिला स्क्रीनवर त्या डोंगरवाल्या कंपनीचं पान दाखवलं. स्प्रिंगचा फण निवडला. बाजूचं चाक निवडायला गेली तर ते निवडता येईना. खाली कारण आलं. कारणाखाली नाव. गोजरबाईला ते वाचता आलं नाही. "ह्यात माझं कोणतं?" एकतानं बोट ठेवलं. गोजरबाईनं तिथं बोट लावून पाहिलं. लगेच विचारलं, "हे त्याहीच्या कॉम्प्युटरमधी हाय ना? मंग इथं बदललं तं तिथं बदलन?"

"बदलेल."

"मंग ठीक."

भिंतीवर आता परत धागे आहेत. लाल नाहीत. निळ्या वायरीचे तुकडे आहेत, वायरमनकडून मागून आणलेले. "आता कोणी देवाला न्हेनार न्हाई," ती म्हणाली. तेव्हा देवानंद हसला आणि मीही हसलो.

मी जुलैअखेर निवृत्त झालो. निरोपाला नारळ, शाल मिळाली. दोन शब्द बोला म्हणाले. मी सगळ्यांचे आभार मानले, गोजरबाईचं नाव घेतलं आणि खाली बसलो. आठ दिवस तिनं माझी चूक आपल्या अंगावर ठेवली होती, आणि त्या आठ दिवसांत तिचं स्टोर जाऊ शकलं असतं. असले उपकार बोलून फिटत नाहीत. काम करून थोडे फिटतात.

म्हणून घरी आल्यावर मी आठ गेजची तार आणली. तिच्या भिंतीवरचे आकडे जुने झाले होते, काही उघडत होते. मी साठ आकडे केले. तार आधी सरळ केली. प्रत्येक आकडा एकाच खिळ्यावर वाकवला, म्हणजे सगळ्यांचा गोल एक येतो. टोकं कानशीनं घासली. पाच दिवस लागले. चार दिवसांत झालं असतं, पण घाई केली नाही.

एसटीनं जालन्याला गेलो आणि पुडकं तिच्या टेबलावर ठेवलं. आता तिला टेबल आहे. तिनं पुडकं सोडलं, एकेक आकडा दिव्याकडं धरून पाहिला, टोकावरून अंगठा फिरवला. साठच्या साठ. कोणाला माल हवा होता, त्याला थांबवलं. एकोणसाठ तिनं डब्यात टाकले. एक माझ्याकडं परत केला.

"याचं टोक राह्यलंय, कल्याणभाऊ."

मी अंगठा लावून पाहिला. राहिलं होतं. बाहेर जाऊन देवानंदकडून कानस मागितली.